‘ऑक्सिडीकारक प्रजाती’ म्हणू नका

प्रश्न : पाणी निर्जंतुक करणाऱ्या चिपएवढ्या विद्युत अपघटनी घटांवर मराठीत लिहितो आहे. त्यांत तयार होणाऱ्या ‘ऑक्सिडायझिंग स्पीशीज’ना, म्हणजे ऑक्सिडीकरण करणाऱ्या रेणूंना आणि आयनांना, ‘ऑक्सिडीकारक प्रजाती’ म्हणावं का? आणि ‘मायक्रोफॅब्रिकेटेड’ला काय म्हणावं?

उत्तर : पहिल्याचं उत्तर : ठामपणे ‘नाही’. हा शब्द माहितीपत्रकांत आणि विज्ञानलेखांत सारखा वाचावा लागतो आणि दर वेळी खटकतो. मराठी जीवशास्त्रातसुद्धा स्पीशीज म्हणजे जाती. प्रजाती म्हणजे जीनस. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडून पाहा : अमुक प्रजातीत इतक्या जाती, हीच रचना सापडेल. हिंदीत स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात; ती जशीच्या तशी उचलल्यामुळे बसलेली घडी विस्कटली, आणि आता तीच चूक रसायनशास्त्रात शिरते आहे.

तिथे ती दुप्पट चूक ठरते. ‘जाती’ जन् धातूपासून आली. लॅटिन जीनस आणि ग्रीक गेनोस हे तिचे सख्खे नातलग. हाच गेनोस अरबीत ‘जिन्स’ झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे ‘जिन्नस’ म्हणून आला. स्पीशीजचं कूळ निराळं. लॅटिन ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. स्पीशीज म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते, रूप. रूपावरून अर्थ ‘प्रकार’ झाला, पुढे ‘मालाचे प्रकार’, आणि त्यातूनच जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीला ‘स्पाइस’ मिळाला. म्हणजे जन्माचं नाव सांगणारा शब्द आणि रूपाचं नाव सांगणारा शब्द, दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी वाण्याच्या दुकानात पोचले! मला शब्दांच्या प्रवासातली याहून सुंदर गाठभेट माहीत नाही.

आणि या स्पेकेरेचं भावंड आपल्या घरातच आहे : संस्कृत स्पश्. ऋग्वेदात वरुणाभोवती त्याचे ‘स्पश’ बसलेले असतात, म्हणजे हेर, पाहणारे. ‘पश्यति’ याच कुळातलं. आपण रोज वापरतो तो ‘स्पष्ट’ही इथलाच, स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलं. ग्रीकांनी याच धातूतल्या व्यंजनांची अदलाबदल करून ‘स्केप्’ केलं, त्यातून मायक्रोस्कोपमधला ‘स्कोप’ आला. स्पेक्ट्रम मात्र थेट लॅटिनकडून.

म्हणून माझं म्हणणं : रसायनशास्त्रातल्या स्पीशीजला ‘रूप’ म्हणावं. ऑक्सिडीकारक रूपं. तुमच्याच घटात पाहा. काचेवर किंवा सिलिकॉनवर फोटोलिथोग्राफीनं, म्हणजे प्रकाशानं नक्षी उतरवण्याच्या तंत्रानं, प्लॅटिनमचे किंवा इरिडियम ऑक्साइडचे बारीक पट्टे उठवलेले, दोन इलेक्ट्रोडांचे दात कंगव्यासारखे एकमेकांत घुसवलेले, मधलं अंतर मायक्रोमीटरांत. अंतर इतकं कमी म्हणून रोध कमी, आणि म्हणून फारसं मीठ नसलेल्या पाण्यातही थोड्या व्होल्टांवर काम भागतं. धनाग्रावर क्लोराइडचं क्लोरीन होतं. पण पाण्यात त्याचं पुढे काय होतं? सामू (pH) तीनच्या खाली असेल तर त्यातलं काही विरघळलेला क्लोरीन वायू म्हणूनच राहतं; पाच-सहाला जवळजवळ सगळं हायपोक्लोरस आम्ल; साधारण साडेसातला निम्मं आम्ल, निम्मा हायपोक्लोराइट आयन; त्यापुढे आयनाचंच राज्य. मूलद्रव्य एकच, रूपं तीन. जंतू मारण्यात आम्लरूप आयनरूपापेक्षा कितीतरी प्रभावी, त्यामुळे हा भेद शाब्दिक नाही. शिवाय ही रूपं खरोखर पाहता येतात : अतिनील वर्णपटात आम्लाचं शोषण 235 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक, आयनाचं 292च्या आसपास. जे वर्णपटात वेगळं दिसतं ते वेगळं स्पीशीज! इथे जन्माचा, वंशाचा संबंध कुठे येतो?

काही जाणकार ‘घटक’ सुचवतात. त्यांनी गिब्जचा प्रावस्था नियम (फेज रूल) पुन्हा वाचावा. तिथे ‘घटक’ हा कंपोनंटसाठी, म्हणजे मिश्रण सांगायला पुरणाऱ्या कमीत कमी पदार्थांसाठी, राखून ठेवलेला शब्द आहे. मिठाच्या पाण्यात घटक दोनच, पाणी आणि मीठ. रूपं मात्र सोडियम आयन, क्लोराइड आयन, पाण्याचे रेणू, शिवाय पाण्यातून सुटणारे हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन. दोन संकल्पनांना एकच शब्द देणं म्हणजे परिभाषेचा पायाच उखडणं. ‘कण’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कण धुळीचाही असतो.

‘रूप’ घेतलं तर अपरूपाशी गोंधळ होईल, हा आक्षेपही ऐकला आहे. मला तर तो आधार वाटतो. हिरा आणि ग्राफाइट ही कार्बनची अपरूपं असं आपण शाळेपासून म्हणतो. म्हणजे ‘रूप’ रसायनाच्या मराठीत आधीच मुरलेलं आहे. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा इलेक्ट्रोड वापरलात तर हायड्रॉक्सिल मूलक (रॅडिकल) आणि ओझोनही मिळतात. ‘हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकारक रूपं तयार होतात’ हे वाक्य कुठेही अडखळत नाही.

मायक्रोफॅब्रिकेटेडला ‘सूक्ष्मघडणीचा’ म्हणा. ‘सूक्ष्मनिर्मित’ नको, त्यातून सूक्ष्मजीवांनी बनवलेला असाही अर्थ निघतो.