पीत पत्रकारिता म्हणजे नेमकं काय? खोट्या किंवा पक्षपाती बातमीला तसं म्हणता येतं का?

फक्त तेवढ्यावरून नाही. हाती पुरावा नसताना, केवळ खप वाढावा म्हणून भडक बातमी उभी केली जाते, ती पीत पत्रकारिता. खोटेपणा, पक्षपात त्यात येतातच, पण मूळ हेतू अंक खपवण्याचा.

नाव १८९०च्या दशकातल्या न्यूयॉर्कचं. पेपरमालक पुलित्झरच्या 'वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट पिवळ्या अंगरख्यातल्या एका पोराची व्यंगचित्रं काढायचा. प्रतिस्पर्धी पेपरमालक हर्स्टने १८९६ मध्ये त्याला आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं. पुलित्झरने दुसरा चित्रकार बसवून तेच पोर चालू ठेवलं. मग दोघांच्याही बातमीदारीला 'पिवळी' म्हणू लागले.

ती कशी चालायची? १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी १७ तारखेला 'जर्नल'ने हे शत्रूचंच काम असल्याचं मथळ्यात ठोकून दिलं आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्याच दिवशी 'वर्ल्ड'चा मथळा होता: स्फोट बॉम्बने की टॉर्पेडोने? मला हा मथळा जास्त घातक वाटतो. वरवर नुसता प्रश्न, पण नौकेतच अपघात झाला असेल ही शक्यता त्यात शिल्लकच ठेवलेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने बहुधा कोळशाच्या कोठारातली आग हेच कारण धरलं. (या पेपरांनीच स्पेनशी युद्ध पेटवलं, असं सर्रास सांगतात. ते मला पटत नाही. क्यूबातलं स्पेनविरुद्धचं बंड १८९५ पासूनच सुरू होतं.)

आता वापराचं. हा शब्द बातमीला लावा, अख्ख्या पेपरला नको. याच 'वर्ल्ड'साठी १८८७ मध्ये नेली ब्लाय ही बातमीदार वेडाचं सोंग घेऊन दहा दिवस मनोरुग्णालयात राहिली आणि तिथले हाल तिने चव्हाट्यावर आणले. ती शोधपत्रकारिता. एखाद्या बातमीने कुणाला कितीही झोंबलं, तरी पुरावे पक्के असतील तर ती पीत ठरत नाही. घोटाळा उघड झाला की त्यात अडकलेली मंडळी नेमका हाच शब्द बातमीदाराच्या तोंडावर फेकतात. म्हणून शिक्का मारण्याआधी मथळा आणि मजकूर शेजारी ठेवून वाचा: मथळ्यातला दावा आत कुणी केलाय, कशाच्या आधारावर? शेवटच्या ओळीपर्यंत ते सापडलं नाही, तर खुशाल पीत म्हणा.