वाचकांचे प्रश्न : चूक फ्रीमनसमोर नव्हे, ओहतानीसमोर

प्रश्न : २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) यँकीज-डॉजर्स पहिला सामना अजून डोक्यातून जात नाही. दहाव्या इनिंगमध्ये आमचे मॅनेजर आरन बून यांनी पिचर (चेंडू टाकणारा) टिम हिलला बुलपेनमध्येच (राखीव पिचरांच्या जागी) ठेवून नेस्टर कॉर्टेसला आणलं. निदान डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन बॅटिंगला आल्यावर तरी पिचर बदलायला नको होता का?
– यँकीजचा चाहता, न्यू जर्सी

उत्तर : तेव्हा बदलताच आला नसता. २०२० पासून नव्या पिचरला तीन बॅटर तरी खेळवावे लागतात. त्याआधी सुटका फक्त इनिंग संपली किंवा दुखापत झाली तर. मुद्दाम दिलेला वॉकही (बॅटरला न खेळवता पहिल्या बेसवर जाऊ देणं) या तिघांत धरतात. डॉजर्सचे ओहतानी, बेट्स, फ्रीमन : झाले तीन.

म्हणून वाद घालायचा तो ओहतानीच्या वेळचा. यँकीज ३-२ ने पुढे, एक आउट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर डॉजर्सचे धावपटू. ओहतानी आणि फ्रीमन डावखुरे बॅटर, आणि डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो. पण हिल आणि कॉर्टेसही डावखुरेच, तेव्हा तो हिशोब दोघांनाही लागू. हिलचा सिंकर मात्र ऐनवेळी खाली बुडतो, फटका जमिनीलगत जातो. अशा वेळी हवा असतो तो हाच फटका, एकाच फटक्यात दोघे बाद (डबल प्ले) करायला. कॉर्टेसच्या कोपराचा फ्लेक्सर स्नायू दुखावलेला होता. १८ सप्टेंबरनंतर तो थेट २५ ऑक्टोबरला, याच सामन्यात उतरला. बून यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की ओहतानी पळायला चपळ आहे, जमिनीलगतच्या फटक्यावर डबल प्ले मिळेलच असं नाही.

ओहतानी पहिल्याच पिचवर (टाकलेल्या चेंडूवर) झेलबाद झालाही. पण झेल घेऊन यँकीजचा क्षेत्ररक्षक व्हर्डुगो प्रेक्षकांत कोसळला आणि नियमाप्रमाणे दोन्ही धावपटूंना एकेक बेस मिळाला. पहिला बेस मोकळा झाला म्हणून बेट्सला वॉक दिला. आता तिन्ही बेस भरलेले. स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर चार बॉल गेले तर बरोबरीची धाव फुकट. स्ट्राइक टाकणं भाग होतं, तेही पाच आठवडे सामना न खेळलेल्या हाताने. फ्रीमनने पहिलाच फास्टबॉल स्टँडमध्ये धाडला, चौघांच्या चार धावा, डॉजर्स ६-३. माझ्या मते ओहतानीच्या वेळीच हिल हवा होता. स्नायू बरा झाला म्हणून नेम लगेच परत येत नाही. तो सामन्यातल्या पिचिंगनेच येतो.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, दोन संघांत पिचिंग करतो. किती पिच चालतील?
– एक आई, कॅलिफोर्निया

उत्तर : अमेरिकेतल्या पिच स्मार्ट मार्गदर्शनानुसार ११-१२ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५. विश्रांती अशी : २१ ते ३५ पिचना एक दिवस, ३६ ते ५० ना दोन, ५१ ते ६५ ना तीन, ६६ पासून पुढे चार. दोन्ही संघांच्या पिच एकाच वहीत मांडा. प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपल्याच मोजतो आणि गफलत तिथेच होते. पिचिंग केलेल्या दिवशी त्याला कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करू देऊ नका. वर्षातून चार महिने थ्रोइंग पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर बर्फ लावून पुढचा सामना खेळवू नका. या वयात तिथली हाडाची वाढीची कूर्चा कच्ची असते, ओढ तिच्यावरच येते. थ्रोइंग त्याच दिवशी थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा.