बेळगावहून सायकलवर एका दिवसात जाऊन येण्यासारखा, गर्दी नसलेला लांबचा रस्ता कोणता?

दहा जणांना विचारलंत तर नऊ जण गोव्याकडं जाणारा चोर्ला घाट सांगतील. चोर्ल्याचं रान देखणं आहे, वाद नाही. पण त्या रस्त्यावर गोव्याला निघालेल्या गाड्या हॉर्न मारून मारून तुम्हाला कडेला घालतात. तुम्ही पुण्याहून डिसेंबरात येताय आणि शांत रस्ता हवा म्हणताय, तर हलशी करा. खानापूर, नंदगड, हलशी आणि परत, सुमारे ९० किलोमीटर.

खानापूरपर्यंतचा २५-२६ किलोमीटरचा हायवे उजाडता उजाडता उरकायचा. उद्यमबाग-मच्छेचे कारखाने सुरू झाले की तिथं मजा नाही. खानापूर बेळगावपेक्षा जवळपास १०० मीटर खाली आहे. जाताना पाय आपोआप फिरतात आणि माणसाला वाटतं, आपली तयारी झकास आहे! ती वसुली येताना होते, तेव्हा सकाळी दामटू नका. खानापुरात उप्पीट-चहा पोटभर करून बाटल्या भरून घ्या, पुढं हॉटेलांचा भरवसा नाही.

खरी राइड सुरू होते ती हायवे सोडल्यावर. तांबडी माती, भाताची कापलेली शेतं, मधेच उसाचा फड. सुगी लांबली असेल तर डांबरावरच पीक मळणीला पसरलेलं असतं. त्यावरनं सायकल रेटायची नाही. पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, काड्या गिअरमध्ये अशा गुंडाळतात की उतरून बोटांनी उपसत बसावं लागतं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन मागनं आला तर सरळ थांबा. मागची ट्रॉली कुठं झोलेल ते चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि गाणी इतकी मोठ्यानं लावलेली असतात की तुमची घंटी ऐकणार कोण?

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार. इंग्रजांनी त्याला २६ जानेवारी १८३१ ला इथंच वडाला फाशी दिलं. थांबा थोडं.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाचं देऊळ मात्र नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या वेळचं, बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. बूट काढून त्या गार दगडावर बसलात की उठवत नाही. कुणीतरी विचारणारच, "कुठनं आलासा? गाडी नाही व्हय?" पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी या भागात मराठीवर सहज निभतं.

हलशीहून पुढं नागरगाळीकडं रान दाट होत जातं. मोह होईल, पण एकट्यानं, तेही दुपार कलल्यावर जाऊ नका. गवे रस्त्यावर येतात. परतताना तीनच्या आत खानापूर सोडा. पुढचा सगळा चढ आहे आणि अंधारात उसाच्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो.