उन्हाळ्यातला एक आठवडा आणि पुढची नऊ वर्षे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी हायस्कूलच्या अकरावीत असून वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचे असे तिने मनाशी पक्के केले आहे. आमच्या माहेरी किंवा सासरी सैन्यात कोणीही गेलेले नाही. बारावीचा अर्ज भरण्यापूर्वी येत्या जूनमधील अकादमीच्या उन्हाळी कार्यक्रमाला तिने जावे, असे शाळेचे समुपदेशक सुचवतात. त्या आठवड्यामुळे प्रवेशाची शक्यता खरोखर वाढते का? लहानपणी तिला दम्यासाठी इन्हेलर लागत असे, ते सांगावे की नाही? शिवाय त्याच महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी कोल्हापूरला जाण्याची तिकिटे आम्ही काढून ठेवली आहेत.
— एक आई, एडिसन

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नामागे एक गैरसमज असावा, आणि तो मराठी घरांत स्वाभाविक आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जायचे तर लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोर पाच दिवस काढावे लागतात आणि त्या पाच दिवसांतच उमेदवाराचा निकाल लागतो, हे आपण ऐकलेले असते. त्यामुळे वेस्ट पॉइंटचा आठवडाही तसाच काहीसा असेल असे वाटते. तो तसा नाही. वेस्ट पॉइंटचा ‘समर लीडर्स एक्सपीरियन्स’, ॲनापोलिसच्या नौदल अकादमीचा ‘समर सेमिनार’ किंवा कोलोरॅडोतील हवाई दलाच्या अकादमीचा तसाच कार्यक्रम, यांपैकी कोणत्याही ठिकाणी हजेरी लावणे ही प्रवेशाची अट नाही. या कार्यक्रमांसाठीही निवड होते आणि ती चुरशीची असते, त्यामुळे बोलावणे आले तर मुलीचे गुण आणि शाळेबाहेरची कामगिरी अकादमीला दखल घेण्याजोगी वाटली, एवढा अर्थ त्यातून निघतो. त्यापलीकडे कोणतेही आश्वासन त्यात नसते.

मग जायचे कशासाठी? माझ्या मते, अकादमीने मुलीला पारखण्यापेक्षा मुलीने अकादमीला पारखावे यासाठी. तो आठवडा ती कॅडेटांच्या बॅरकमध्ये राहील, त्यांच्याच भोजनगृहात जेवेल, पहाटे उठून व्यायाम करील, दिवसा वर्गांत बसेल आणि तिच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठ्या असलेल्या कॅडेटांच्या आज्ञा पाळील. माहितीपत्रकात न सापडणारे प्रश्न या कॅडेटांनाच विचारता येतात : पहिल्या वर्षी झोप किती मिळते, मन कधी खचले, सोडून जावेसे वाटले तेव्हा काय केले. प्रवेशानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ‘बीस्ट बॅरक्स’ या नावाने ओळखले जाणारे काही आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण असते, आणि ते या आठवड्याहून कितीतरी कठोर असते, याची जाणीव मात्र तिला आधीच द्यावी. पाहुण्याला दाखवलेले घर आणि नांदायला मिळालेले घर यांत फरक असतोच.

हा अनुभव इतका मोलाचा का, हे समजण्यासाठी पुढचा हिशेब पाहावा. शिक्षणाचे शुल्क नसते, पण चार वर्षांनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष सैन्यसेवा बंधनकारक असते आणि त्यानंतर राखीव दलातील काळ वेगळा. दुसरे वर्ष संपेपर्यंत बाहेर पडणाऱ्यावर सेवेचे बंधन येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पाऊल टाकले की ते लागू होते. म्हणजे सतरा-अठरा वर्षांची मुलगी जवळजवळ नऊ वर्षांचा शब्द देणार असते. जूनमधील एका आठवड्यानंतर ती “हे माझे नाही” असे म्हणत घरी आली, तर तो आठवडा वाया गेला असे कृपया समजू नका.

प्रवेशाला अप्रत्यक्ष मदत होते ती वेगळ्याच ठिकाणी. वेस्ट पॉइंटला केवळ अकादमीकडे अर्ज करून भागत नाही, नामांकनही लागते. सैनिकी कुटुंबातील मुलांना त्यासाठी आणखीही मार्ग असतात. आपल्या मुलीला मात्र आपल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी, राज्याचे दोन सिनेटर आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतील, आणि ते चारही करावेत. एका प्रतिनिधीच्या वाट्याला एका अकादमीत एका वेळी पाचच कॅडेट येतात, त्यामुळे तिची खरी स्पर्धा शेजारच्या शाळांतील मुलांशीच आहे. बहुतेक कार्यालये शरद ऋतूत मुलाखती घेतात आणि तिथे हमखास विचारतात की सैन्यातच का जायचे. ज्या घरात गणवेशाची परंपरा नाही, तिथल्या मुलीकडे या प्रश्नावर सांगण्यासारखे सहसा पाठ केलेलेच असते. जूनमध्ये काय पाहिले, काय जड गेले आणि तरीही का जायचे आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगणारी मुलगी मुलाखत घेणाऱ्यांच्या लक्षात राहते.

दम्याविषयी मात्र काहीही लपवू नये. निकष असा की तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची लक्षणे, निदान किंवा औषधे असतील तर उमेदवार प्रथमदर्शनी अपात्र ठरतो. सूट मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. इन्हेलर त्याआधीच कायमचा बंद झाला असेल तर तेवढ्यामुळे दार बंद होत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडील जुनी कागदपत्रे आताच मागवून शेवटचे औषध नेमके कधी लिहून दिले होते ते पाहावे. अनेकदा डॉक्टर खबरदारी म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षीही इन्हेलर लिहून देतात, पालक तो विसरतात आणि कागद विसरत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. प्रवेशाच्या वेळी ती अमेरिकेची नागरिक असावी लागते. ग्रीन कार्ड पुरत नाही. तिचा जन्म भारतात झाला असेल, पण ती ग्रीन कार्डधारक म्हणून आपल्याजवळ राहत असताना आणि अठरा वर्षांची होण्यापूर्वी आई-वडिलांपैकी एकाने नागरिकत्व घेतले असेल, तर तिलाही ते आपोआप मिळालेले असते. तसे असेल तर तिचा स्वतःचा पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला काढून ठेवावा.

राहता राहिले लग्न. निवड झाल्याचे कळेपर्यंत तिकिटे रद्द करू नका. निवड झालीच, तर कोल्हापूर की वेस्ट पॉइंट हे तिला ठरवू द्या आणि मावशी-आत्यांची समजूत घालण्याचे काम आपण स्वतःकडे घ्या. ती लग्नाला गेली तरी काही बिघडत नाही. एडिसनहून वेस्ट पॉइंट मोटारीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतके जवळ आहे, तेव्हा उमेदवारांसाठी ठेवलेल्या भेटीच्या दिवशी तिला घेऊन जावे.

प्रश्न : ॲनापोलिसच्या समर सेमिनारसाठी मी अर्ज केला होता, निवड झाली नाही. बाबा म्हणतात, आता मुख्य अर्ज करण्यात अर्थ नाही. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, ह्यूस्टन

उत्तर : नाही. जागा मोजक्या असल्यामुळे पुढे प्रवेश मिळवणाऱ्या अनेकांनी तो कार्यक्रम केलेलाच नसतो. उलट, सेमिनारचा तुझा अर्ज हाच नौदल अकादमीचा प्राथमिक अर्ज म्हणूनही धरला जातो, त्यामुळे पहिली पायरी तू चढलेलाच आहेस. आता उन्हाळ्यात एक मैलाची धाव, पुल-अप आणि गणित यांवर मेहनत घे, आणि नामांकनाच्या अर्जाची अंतिम तारीख प्रत्येक कार्यालयाची वेगळी असल्याने ती आजच पाहून ठेव. नामांकन नच मिळाले, तर न्यू लंडनच्या तटरक्षक दलाच्या अकादमीला ते लागतच नाही, हे बाबांना सांग.