चावी फिरवली की गाडी नुसती टक-टक करते, सुरू होत नाही. बॅटरी बदलावी का?

लगेच नको. आधी बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर स्टार्टरपर्यंत (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) पुरेसा करंट पोचतच नाही. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून उलट्या क्रमाने घट्ट आवळा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12 च्या खाली म्हणजे बॅटरी उतरलीय. मग धक्का किंवा जंपर केबलने (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची वायर) गाडी चालू करून पुन्हा मोजा (ऑटोमॅटिक असेल तर धक्का विसरा). तेव्हा साधारण 14 दिसले नाहीत तर संशय अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) घ्या. हे न तपासता नवी बॅटरी गळ्यात मारणारे मेकॅनिक भरपूर आहेत, आणि ती बिचारीही चार दिवसांत झोपते.