वाचक विचारतात: वरच्या आरपीएमला गाडीचा दम का सुटतो?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, २३० पीएसवाली, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). स्टेज वन रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) करून घेतला तेव्हा गाडी नुसती पळत सुटायची. आता एप्रिलमध्ये परत डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) लावली तर पहिला पुल (पूर्ण पेडल दाबून काढलेली एक धाव) बरा आला, दुसरा त्याहून कमी, तिसरा अजून कमी, आणि तिन्हीमध्ये साडेचार हजारच्या वर ग्राफ खाली बसतो. शेवटी शेवटी तर ग्राफला करवतीसारखे दाते दिसतात. डायनोवाला म्हणतो टर्बो गेला, मोठा टाक आणि स्टेज टू कर. मित्र म्हणतात ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा प्रताप आहे. लॉगची (इंजिनच्या सेन्सरच्या नोंदींची) फाइल सोबत पाठवलीय. टर्बो बदलू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: टर्बोला अजिबात हात लावू नका, निदान आत्ता तरी. डायनोचा ग्राफ फक्त किती पॉवर आली एवढंच सांगतो, का कमी आली ते लॉगमध्ये असतं, आणि तुम्ही लॉग पाठवलात हे फार बरं केलंत कारण बहुतेक जण नुसता ग्राफचा फोटो पाठवून निदान मागतात.

तिसऱ्या पुलची ५,००० आरपीएमची ओळ काढा. ईसीयूनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) मागितलेलं बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) २.२५ बार, प्रत्यक्षात आलेलं १.९८. वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणारी झडप) पूर्ण बंद. इनटेकची हवा ६८ डिग्री. इग्निशन (ठिणगीची वेळ) चारही सिलेंडरला चार-पाच डिग्री मागे ओढलेलं. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) मात्र मागितलं तेवढं मिळतंय.

बूस्ट कमी दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की गाडी मागतेय आणि मिळत नाही, की गाडी मागतच नाही? मागणीच खाली आली असती तर ईसीयू स्वतःहून आवरतं घेतोय असं धरून आपण तापमान, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं), टॉर्क लिमिट हे बघितलं असतं. तुमच्याकडे मागणी पूर्ण आहे, वेस्टगेट बंद करून टर्बो जीव तोडून फिरतोय, तरी हवा पोचत नाही, म्हणजे ती वाटेत कुठेतरी पळतेय. टर्बो झिजला तरी असं दिसू शकतं, पण त्याचा नंबर शेवटी. आधी पाइप बघा. टर्बोपासून इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून थ्रॉटल बॉडीपर्यंत जे जोड आहेत त्यात स्प्रिंगची क्लिप आणि आत रबरी रिंग असते, आणि ही क्लिप अर्धवट बसली तरी वरून बघणाऱ्याला पूर्ण बसल्यासारखीच दिसते, हलवून बघितली तर कळतं. जोडाच्या खाली धूळ ऑइलनं ओली होऊन काळी चिकटलेली दिसली की समजायचं इथूनच फुंकतंय. नुसत्या धुराच्या टेस्टवर विसंबू नका, कारण काही गळती बूस्ट आल्यावरच उघडते. फिल्टरच्या बाजूनं टोपी लावून एक बारच्या आत हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, फक्त त्याआधी पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा) पाइप बंद करायला सांगा नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर येतील. डायव्हर्टर व्हॉल्व्हही (पेडल सोडल्यावर जास्तीचं बूस्ट सोडणारी झडप) त्याच वेळी तपासून घ्या.

आता प्रत्येक पुलला पॉवर उतरतेय ते वेगळं दुखणं, ती उष्णता. रस्त्यावर इंटरकूलरला शंभरच्या वेगाची हवा मिळते, डायनोवर समोर एक पंखा, आणि एप्रिलची पुण्यातली दुपार. हवा ६८ डिग्रीला पोचली की नॉकिंग सुरू होतं आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो. चारही सिलेंडरला सारखंच मागे घेतलंय म्हणून मी उष्णता किंवा पेट्रोल म्हणतो, एकाच सिलेंडरला असतं तर त्याचा प्लग, इंजेक्टर, कार्बन असं शोधलं असतं. शिवाय गळतीमुळे टर्बो जास्त फिरतो आणि हवा आणखी तापवतो, म्हणजे पहिलं दुखणं दुसऱ्याला वाढवतंय. पुढच्या वेळी मोठा पंखा आहे का ते आधी विचारा, सकाळी जा, आणि प्रत्येक पुल इनटेकचं तापमान सारखं असतानाच सुरू करा, नाहीतर दोन ग्राफची तुलना करण्यात काही अर्थ नाही. टाकीत नेमकं काय होतं तेही लिहून ठेवा. रिमॅप एक्सपी१०० (शंभर ऑक्टेनचं पेट्रोल) वर केलेला असेल आणि आता साधं पेट्रोल भरत असाल तर इग्निशन मागे जाणारच.

ग्राफला दाते येतात ते मिसफायरचे, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये मिश्रण नीट न पेटण्याचे. बूस्ट वाढलं की प्लगच्या फटीतली ठिणगी विझायला लागते. प्लग काढून फट मोजा, रिमॅप केलेल्या गाडीला ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या वर ठेवू नका. तरी मिसिंग राहिलं तर संशय असलेली कॉइल दुसऱ्या सिलेंडरला लावा, मिसफायर तिच्याबरोबर गेला की कॉइलच खराब.

राहिलं ई-ट्वेंटी. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-ट्वेंटीला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन ओतावं लागतं. गाडीचा इंधन पंप कमी पडला असता तर रेल प्रेशर वरच्या आरपीएमला पडलं असतं. तुमचं पडलेलं नाही, त्यामुळे या वेळी इथेनॉलवर आळ घेऊ नका. उलट इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं, नॉकिंगच्या बाबतीत ते मदतच करतं.

आणि हो, हे सगळं दुरुस्त होईपर्यंत स्टेज टू नको म्हणजे नको. गळक्या पाइपवर जास्त बूस्ट मागणारा मॅप टाकला तर चांगला टर्बोही जाईल.

प्रश्न: माझी आणि मुंबईच्या मित्राची गाडी सेम, रिमॅप सेम, तरी पुण्याच्या डायनोवर माझी पॉवर जास्त आली आणि माझ्या गेजवर बूस्टही जास्त दिसतं. माझी गाडी भारी आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तसं यावरून म्हणता येत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथं हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, मुंबईत १,०१० च्या. ईसीयू बूस्ट मोजतो ते शून्यापासून, अॅब्सोल्यूट. समजा त्याला २.३ बार हवंय, तर पुण्यात टर्बोला १.३५ बार स्वतः भरावं लागतं आणि मुंबईत १.२९, आणि बाहेरून लावलेलं गेज फक्त हा वरचा भाग दाखवतं. म्हणजे तुमचा टर्बो तेवढ्याच कामासाठी जास्त राबतोय, भारी वगैरे काही नाही.

पॉवरचा घोळ करेक्शन फॅक्टरचा (हवामानानुसार आकडा सुधारणारा गुणक) असणार. पातळ हवेमुळे पॉवर कमी आली असेल असं धरून डायनोचं सॉफ्टवेअर आकडा वर ढकलतं. नॅचरली अॅस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) इंजिनला ते योग्य आहे, पण टर्बोनं तो तोटा आधीच भरून काढलेला असतो, मग पुण्यात सहा-सात टक्के फुकटचे चढतात. त्यात एका ठिकाणी डीआयएन आणि दुसऱ्या ठिकाणी एसएई (करेक्शनची दोन वेगळी मानकं) लावलं असेल तर आणखी फरक. दोघंही करेक्शन न लावलेला, चाकांवरचा आकडा मागून घ्या, त्याच गिअरमध्ये काढलेला, शक्यतो चौथ्या. डीएसजी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये, आणि पेडल किकडाऊनचा टक लागायच्या आधीच थांबवा, नाहीतर गिअर खाली पडून पुल वाया जातो.

प्रश्न: लॉरा आरएस, मॅन्युअल, रिमॅप केलेली. सहाव्या गिअरला १,५०० वर पाय दाबला की इंजिनातून खडखड येते. कशाची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: लोडवर येत असेल तर नॉकिंग, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनला कमी आरपीएमवर पूर्ण पेडल हे सगळ्यात घातक, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या, अडीच हजारच्या वर आणा आणि मग दाबा. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घ्या, ते याच त्रासासाठी तपासलेलं असतं. ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) सांगून कमी आरपीएमचा टॉर्क थोडा उतरवून घ्या, हातात काही फरक जाणवत नाही. पण तीच खडखड सकाळी थंड गाडी सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद येत असेल तर ती टायमिंग चेनची, आणि मग रिमॅपचं राहू द्या, आधी टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बदला, कारण या जुन्या १.८ लिटर इंजिनात तो निकामी झाला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.