वाचक विचारतात : बछड्यांचे फोटो आणि शार्पनेस

प्र. मेमध्ये ताडोबात तीन-चार महिन्यांचे तीन बछडे आईमागून रस्ता ओलांडताना मिळाले. अंतर असेल पंचवीसेक मीटर. शंभरावर फ्रेम्स काढल्या, पण एकीतही दोन बछडे एकदम शार्प नाहीत. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा कॅमेरा), १५०-६०० मि.मी.ची झूम लेन्स, पूर्ण ६०० वर, एफ ६.३ (लेन्सचं छिद्र; आकडा वाढला की ते लहान होतं). लेन्स बदलू का?
— एक वाचक, कोथरूड

उ. लेन्सवर खर्च करू नका, झूम मागे घ्या. २५ मीटरवर ६०० मि.मी.ला, एफ ६.३ वर तुम्हाला मिळणारी खोली (पुढून मागे शार्प दिसणारा पट्टा) जेमतेम ४५ सेंटिमीटर. एक बछडा दुसऱ्याच्या अर्धा मीटर मागे असला की तो गेलाच. शिवाय फ्रेमची रुंदी मीटरभर, तिच्यात तीन बछडे मावणार कसे? त्याच जागेवरून ३०० मि.मी. आणि एफ ८ ठेवलंत, तर खोली सव्वादोन मीटरच्या आसपास जाते आणि रुंदी दोन मीटर होते. फोकस मधल्या बछड्यावर धरा. या अंतरावर खोली पुढे-मागे जवळपास सारखी वाटली जाते.

बछडे चालत नाहीत, उधळतात. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नको. सकाळच्या उजेडात एफ ८ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२००-६४०० पर्यंत चढेल, चढू द्या. बांबूच्या सावलीत कॅमेरा फोटो उजळ करतो आणि गालावरचा पांढरा भाग जळतो (नुसता पांढराफटक होतो), म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ ठेवा. गवत आडवं आलं तर कॅमेऱ्याचं डोळा शोधणारं फोकस काडीवर जाऊन बसतं. तिथे सिंगल पॉइंट (एकाच ठिपक्यावरचा फोकस) वापरा. आणि मे महिन्यात नऊनंतर जमीन तापली की हवाच थरथरते. त्या वेळचा मऊपणा कुठल्याही सेटिंगने जात नाही.

सराव पुण्यातच होईल. सोसायटीच्या पार्किंगमधली कुत्र्याची पिल्लं, सहा मोटारींच्या लांबीएवढ्या अंतरावरून, बसून टिपा. उंची साधारण तीच, धडपड तीच. (वॉचमन हसेल, हसू द्या.)

प्र. वाघीण रस्ता ओलांडून गेली, आम्ही पुढे सरकणार तेवढ्यात गाईडने जिप्सी (सफारीची उघडी गाडी) मागे घ्यायला लावली. शॉट गेला. तक्रार करावी का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उ. गाईडचे आभार माना. आई आधी ओलांडते, पलीकडून हलक्या आवाजात बोलावते आणि बछडे त्यानंतर निघतात. ती गेली म्हणून गाडी पुढे घेतली की मधली वाट अडते, बछडे अलीकडे अडकतात. तिचे कान बघा : ते चपटे होऊन वळले आणि मागचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागले, शेपटी झटके देऊ लागली, की मागे सरायचं. व्याघ्र प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर, दोन गाड्यांत ५० मीटर आणि एका साइटिंगवर (प्राणी दिसलेल्या जागी) जास्तीत जास्त १५ मिनिटं. मागे गेल्यावर इंजिन बंद करून गप्प बसलात, तर तीच रांग समोरून जाण्याची शक्यता वाढते.

दोन महिन्यांखालची पिल्लं लपवलेली असतात. ती ‘दाखवा’ म्हणून गाईडला गळ घालू नका. त्रास झाला तर आई एकेक तोंडात धरून जागा बदलते.

प्र. लेन्स टेकवायच्या बीन बॅगमध्ये काय भरावं?
— एक वाचक, हडपसर

उ. पुण्याहून रिकामी न्या, मुक्कामी दोन-अडीच किलो तांदूळ किंवा राजमा भरा. गच्च भरू नका, पाऊण भरा. तरच जिप्सीच्या दांडीवर दोन्ही बाजूंनी लोंबते आणि लेन्सला खाच मिळते. क्लिकच्या वेळी गाडीतल्या सगळ्यांना स्थिर बसायला सांगा. मागच्या सीटवर कोणी नुसतं पाणी प्यायला वळलं तरी जिप्सी हलते.